लेक मठात का गेली? व्हेनिसच्या सान झक्कारियाची गोष्ट

1581 साली व्हेनिसमधल्या खानदानी घराण्यांतल्या बायकांपैकी अर्ध्याहून जास्त बायका नन होत्या. हा इतिहासकारांनी जुन्या नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, आणि पहिल्यांदा वाचताना तो छापखान्याची चूक वाटतो. एका शहरात, एकाच वर्गातल्या, एवढ्या बायकांना एकदम वैराग्य येत नाही. मग झालं काय होतं?

उत्तर शोधायला एक मठ पुरेसा आहे: सान झक्कारिया. व्हेनिसच्या प्रसिद्ध सान मार्को चौकापासून पाच मिनिटं चाललं की हा मठ येतो. नवव्या शतकापासून 1810 पर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं, इथे बेनेडिक्टाईन नन्स राहत होत्या. शहरातला हा सर्वांत श्रीमंत आणि वजनदार मठांपैकी एक.

आधी बेनेडिक्टाईन म्हणजे कोण ते पाहू. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठात राहणाऱ्यांसाठी एक नियमावली लिहिली. लहान लहान 73 प्रकरणं. कधी उठायचं, कोणती स्तोत्रं कधी म्हणायची, काय खायचं, आजाऱ्याची काळजी कशी घ्यायची, चुकलेल्याला काय शिक्षा, असं सगळं त्यात आहे. ती पुरुषांसाठी लिहिलेली, पण बायकांचे मठही तिच्यावर चालू लागले. ही नियमावली पाळणारे ते बेनेडिक्टाईन. (जुन्या गोव्यातला सांता मोनिका ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी: तो 1606 साली स्थापन झालेला नन्सचाच मठ, पण ऑगस्टिनियन पंथाचा. नियमावली वेगळी.)

त्या 73 प्रकरणांतली दोन आपल्या कामाची आहेत. तेहेतिसावं प्रकरण म्हणतं, मठात कुणाचंही स्वतःचं असं काही नसावं, पुस्तक नाही, पाटी नाही, लेखणीसुद्धा नाही. आणि एकोणसाठावं प्रकरण म्हणतं, एखाद्या बड्या माणसाला आपलं मूल मठाला अर्पण करायचं असेल, तर आईबापांनी तसा लेखी अर्ज करावा आणि तो अर्ज व मुलाचा हात वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळून मूल देवाला द्यावं. शिवाय त्या मुलाला पुढे कधीही काही मालमत्ता देणार नाही अशी शपथ घ्यावी. पोटचं मूल मठाला द्यायची सोय नियमातच आहे, आणि त्याच प्रकरणात मालमत्तेचाही बंदोबस्त आहे. व्हेनिसच्या सरदारांना हे दुसरं कलम फार आवडलं असतं. तेहेतिसाव्याकडे मात्र त्यांनी काणाडोळाच केला.

सान झक्कारिया म्हणजे संत जखऱ्या, मराठी बायबलमधला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप. कॉन्स्टॅन्टिनोपलचा सम्राट लिओ पाचवा याने त्याच्या अस्थी व्हेनिसला पाठवल्या आणि त्यासाठी हा मठ उभा राहिला. बांधणारे होते पार्तिचिपात्सियो घराण्यातले डोजे. डोजे म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला, तहहयात राज्यप्रमुख. त्यामुळे हा मठ पहिल्या दिवसापासून राज्यकर्त्यांच्या घरचा होता. 864 साली डोजे प्येत्रो त्रादोनिको सान झक्कारियातून संध्याकाळची प्रार्थना करून बाहेर पडत होता, तेव्हा मारेकऱ्यांनी दारातच त्याला संपवलं. शहरात मारामाऱ्या सुरू झाल्या. प्रेत उचलून दफन केलं ते नन्सनी. त्या काळातले आठ डोजे या मठाच्या तळघरात पुरलेले आहेत असं सांगतात.

मठाकडे जमीनही भरपूर. शहरात होतीच, शिवाय मोन्सेलिचे, वेरोनाजवळचं रोंको अशा मुख्य भूमीवरच्या गावांत शेती. कुळं, खंड, वाद, खटले, सगळा जमीनदारी कारभार मठाध्यक्षेच्या नावाने चाले. आज जिथे पर्यटक कबुतरांसोबत फोटो काढतात त्या सान मार्को चौकाचा एक मोठा भाग मुळात या नन्सची फळबाग होती. बाराव्या शतकात डोजे सेबास्तियानो झियानीने चौक वाढवायला ती घेतली. त्या बागेची आठवण म्हणून, असं सांगितलं जातं, दरवर्षी ईस्टरच्या सणाला डोजे लवाजम्यासह सान झक्कारियाला यायचा. शहराचा राज्यप्रमुख वर्षातून एकदा नन्सच्या दारी येतो, ही गोष्ट शेकडो वर्षं टिकली. डोजेची ती शिंगासारखी टोकदार टोपी पहिल्यांदा इथल्या एका मठाध्यक्षेनेच भेट दिली अशी दंतकथाही आहे. ती खरी असायची गरज नाही; ती सांगणाऱ्यांना मठाचा मान किती वाटत होता तेवढं कळलं तरी पुरे.

आता मूळ प्रश्न. लेकी इथे का येत होत्या?

हुंडा. व्हेनिसमध्ये लग्नात मुलीच्या बापाने रक्कम द्यायची. आपल्या हुंड्यात आणि त्यात एक मोठा फरक होता. ती रक्कम कायद्याने बाईची असायची. नवरा हयात असेपर्यंत वापरायचा, पण तो गेला की त्याच्या इस्टेटीतून बायकोला परत मिळायची. ऐकायला हे बरंच बरं वाटतं. पण रक्कम द्यायची मात्र बापालाच, आणि ती वाढतच गेली.

किती वाढली ते सरकारच्या कायद्यांवरूनच दिसतं. 1420 साली सेनेटने ठरवलं की हुंडा 1,600 डुकॅटच्या (डुकॅट म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं) वर जाता कामा नये. 1505 मध्ये ही मर्यादा 3,000 केली. 1535 मध्ये 4,000. 1551 मध्ये 5,000. 1575 मध्ये 6,000. कुशल कारागिराला वर्षभर राबून शंभर डुकॅटसुद्धा मिळत नसत, त्या शहरातले हे आकडे. आणि मर्यादा वाढवावी लागते याचा अर्थ आधीची कुणी पाळलेली नाही. आपल्याकडे 1961 साली हुंडाबंदी झाली, तिचं काय झालं हे सांगायला नको. कायदा करणारे सेनेटर आणि तो मोडणारे बाप ही व्हेनिसमध्ये तर एकच माणसं होती.

भाव चढण्याचं कारण असं. 1297 पासून राज्यकारभाराचा हक्क ठरावीक घराण्यांपुरता मर्यादित झाला. सोळाव्या शतकात तर सरदारांच्या मुलांचे जन्म आणि लग्नं सरकारी वहीत नोंदवायची सक्ती आली, म्हणजे कुणी परका घुसायला नको. खानदानी मुलीचं लग्न खालच्या घरात केलं तर घराण्याची नाचक्की. बरोबरीच्या घरात करायचं तर मोठी रक्कम. त्यातच बाहेरच्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या मुली भरमसाट हुंडा घेऊन सरदारांच्या मुलांशी लग्नं करायच्या. म्हणजे जे थोडे वर होते, त्यांचा भाव आणखी चढायचा.

वर थोडे का होते? कारण इस्टेटीची वाटणी टाळायला भावांपैकी एकच लग्न करायचा. बाकीचे तसेच राहायचे, एकत्र घरात, एकत्र धंद्यात. त्यांना कुणी मठात पाठवलं नाही. ते व्यापार करत, राजकारण करत, बाहेर मैत्रिणी ठेवत. चार भावांपैकी एकाने लग्न केलं, तर त्या घराण्याने तीन खानदानी मुलींचे नवरे बाजारातून काढून घेतले. या मुलींनी जायचं कुठे? मोठं घर असलं तरी अविवाहित, वयात आलेली मुलगी घरात ठेवणं म्हणजे घराण्याच्या अब्रूला रोजचा घोर.

मठाला पण हुंडा द्यावा लागायचा, नाही असं नाही. सतराव्या शतकात तो हजार डुकॅटच्या आसपास असे. लग्नाच्या सहा हजारांपुढे हजार. एक मुलगी उजवायची, तिच्या दोन किंवा तीन बहिणींना मठात पाठवायचं, हा हिशेब घरोघरी झाला. कोणती उजवायची? बहुधा धडधाकट, देखणी. लंगडी, आजारी, चेहऱ्यावर व्रण असलेली असेल ती देवाला. देवाच्या पदरात असं टाकलेलं दान पाहून काही पाद्री चिडायचेसुद्धा.

पण या मुली मठात जाऊन कोणत्या जगात जात होत्या? मला विचाराल तर त्या दुसऱ्या जगात जातच नव्हत्या. सान झक्कारियात आत्या असायची, मावशी असायची, चुलत बहिणी असायच्या. खोल्या घराण्यांच्या पैशाने बांधलेल्या किंवा सजवलेल्या असत आणि आत्याकडून भाचीकडे जात. मुलगी सात-आठ वर्षांची असताना शिकायला म्हणून मठात ठेवायची आणि ती तिथेच मोठी व्हायची, हाही सर्रास प्रकार. पंधराव्या शतकात इथे एलेना फोस्कारी मठाध्यक्षा होती. तेव्हाचा डोजे फ्रान्चेस्को फोस्कारी तिचा भाऊ. बहीण मठ चालवते, भाऊ राज्य चालवतो. 1443 साली तिच्या कारकिर्दीत बनवून घेतलेली सोनेरी चौकटीतली वेदीचित्रं आजही मठाच्या चर्चमधल्या सान तारासियो चॅपलमध्ये उभी आहेत, आणि त्यांवर चित्रकारांसोबत ती बनवून घेणाऱ्या नन्सची नावं कोरलेली आहेत. त्या काळी व्हेनिसमध्ये सरदाराच्या बायकोचं नाव असं दगडालाकडावर राहणं दुर्मीळ होतं.

हे सांगितलं पाहिजे, कारण ‘बिचाऱ्या कोंडलेल्या मुली’ एवढीच गोष्ट सांगितली की ती अर्धी राहते. नवऱ्याच्या घरी त्यांना बाळंतपणं होती, त्यात मरण्याचा धोका होता, सासरची सत्ता होती. मठात त्या मतदानाने आपली मठाध्यक्षा निवडत. जमिनींचे करार करत, वकील नेमत, चित्रकार आणि वास्तुकारांशी भाव ठरवत. सान झक्कारियाचं आजचं चर्च 1458 पासून बांधायला घेतलं. आंतोनियो गाम्बेल्लोने सुरू केलं, माउरो कोदुस्सीने पुरं केलं, त्यात अर्धशतक गेलं. 1505 साली जोवान्नी बेल्लिनीने तिथे मेरी आणि संतांचं भव्य चित्र काढलं. या सगळ्या कारभारामागे पैसा आणि पसंती नन्सची.

अर्थात आतही सगळ्या सारख्या नव्हत्या. खानदानी नन्सना ‘गायन-नन्स’ म्हणत, कारण त्या गायनकक्षात बसून प्रार्थना म्हणत. मत द्यायचा हक्क त्यांनाच. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणं हे करायला ‘कोन्वेर्से’ नावाच्या कामकरी बहिणी असत, गरीब घरच्या, थोडक्या हुंड्यावर आलेल्या. त्यांना मत नाही. बाहेरच्या समाजाची उतरंड भिंतीच्या आत जशीच्या तशी आली होती. या कामकऱ्यांपैकी फार थोड्या जणींची नावं आपल्याला माहीत आहेत.

मग नियमांचं काय? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सान झक्कारियात नियम बरेच सैल होते. नातेवाईक येत-जात, कार्निव्हलमध्ये गाणीबजावणी होई. ननचे केस झाकलेले असावेत असा दंडक, तर अशा मठांतल्या तरुण नन्स कपाळावर बटा काढत. कुत्री पाळत. 1509 साली अन्यादेल्लोच्या लढाईत व्हेनिसचा दारुण पराभव झाला, तेव्हा शहरातले लोक कारण शोधू लागले आणि अनेकांना ते मठांत सापडलं. नन्स नीट वागत नाहीत म्हणून देव कोपला! त्याच वर्षी मठांत चोरून शिरणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा झाला. सेनापतींच्या चुकांपेक्षा नन्सच्या बटा दोषी ठरवणं सोपं होतं.

1514 मध्ये पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बिशपने, सान झक्कारियातली भेटीची खोली बंद करायला माणसं पाठवली. नन्सनी त्यांना दगड मारून पिटाळलं. हे सरदारांच्या लेकींनी केलं होतं आणि त्यांचे भाऊ-बाप सेनेटमध्ये बसत होते, त्यामुळे प्रकरण हाताळणं अवघड. दगड मारण्यामागचं त्यांचं म्हणणं ध्यानात घ्या. आम्ही इथे यायचं ठरवलं नव्हतं, तुम्ही पाठवलंत. निदान भेटायला तरी येऊ द्या. 1521 साली सरकारने मठांवर नजर ठेवायला खास अधिकारी नेमले. चर्चच्या कामात सरकारने नाक का खुपसावं? कारण मठात काय चाललंय हा प्रश्न व्हेनिसमध्ये थेट राज्यकर्त्या घराण्यांच्या अब्रूचा होता.

खरा आवळ बसला तो 1563 मध्ये, ट्रेंटच्या धर्मसभेत. युरोपात प्रोटेस्टंट बंड पेटलेलं, कॅथलिक चर्च घर सावरायला निघालेलं. सभेने ठरवलं की नन एकदा व्रत घेतल्यावर बिशपच्या परवानगीशिवाय मठाबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि बाहेरचं कुणी आत येणार नाही. तीन वर्षांनी पोपने ते आणखी ताणलं. भिंती उंच झाल्या, खिडक्या बुजवल्या, भेटीच्या खोलीत लोखंडी जाळ्या आल्या. त्याच सभेने एक चांगलंही लिहिलं: व्रत घेताना वय किमान सोळा हवं, मुलीची इच्छा विचारायला हवी, आणि तिला जबरदस्तीने मठात ढकलणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत करावं. कागदावर उत्तम. पण आठव्या वर्षापासून मठात वाढलेल्या, बाहेर आपल्यासाठी एक पैसाही बाजूला काढलेला नाही हे ठाऊक असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला ‘तुझी इच्छा आहे ना?’ विचारल्यावर ती काय सांगणार?

या प्रश्नाला उघड उत्तर दिलं ते दुसऱ्या एका मठातल्या ननने. व्हेनिसमध्येच कास्तेल्लो भागात सान्त’आन्ना नावाचा बेनेडिक्टाईन मठ होता. तिथे 1617 मध्ये एलेना कास्सान्द्रा ताराबोत्ती नावाची मुलगी आणून ठेवली. घराणं सरदारांचं नव्हतं, पण खातंपितं. ही थोरली आणि पायाने अधू. 1623 मध्ये तिने कायमचं व्रत घेतलं आणि आर्कान्जेला झाली. ती आयुष्यभर त्या मठातून बाहेर पडली नाही, पण जाळीतून आत-बाहेर होणाऱ्या पुस्तकांच्या आणि पत्रांच्या जोरावर ती शहरातल्या लेखकांशी भांडण्याइतकी तयार झाली. बाहेरच्या बायकांसाठी मठातून लेस बनवून घेऊन देण्याचे व्यवहारही करायची.

बापांच्या जुलमावर तिने एक पुस्तक लिहिलं. देवाला दोष न देता तिने सरळ बापांना आणि राज्याला पकडलं: मुलींची लग्नं केली तर घराणी बुडतील म्हणून तुम्ही आम्हाला कोंडता आणि त्याला धर्म म्हणता. लग्नावरचा तिचा मुद्दा तर आजही झोंबतो. बायको म्हणजे गुलामच घ्यायची असेल तर विकत घेणाऱ्याने पैसे द्यायला हवेत. इथे तर बाईच पैसे मोजून स्वतःसाठी मालक विकत घेते. 1652 मध्ये ती वारली. पुस्तक 1654 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं, गालेराना बारातोत्ती या नावाने. आडनावातली अक्षरं नुसती फिरवलेली, म्हणजे ओळखणाऱ्याने ओळखावं. काही वर्षांतच चर्चने ते बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकलं.

म्हणून अठराव्या शतकात सगळं करडं आणि सुनसान झालं असेल असं समजू नका. व्हेनिसच्या का’ रेत्झोनिको संग्रहालयात फ्रान्चेस्को ग्वार्दीचं म्हणून ओळखलं जाणारं सान झक्कारियाच्या भेटीच्या खोलीचं चित्र आहे, 1740 च्या दशकाच्या आसपासचं. भिंतीत मोठमोठ्या जाळीच्या खिडक्या, त्यांच्या पलीकडे तरुण नन्स. अलीकडे झगमगीत कपड्यांतले पाहुणे, गप्पा रंगलेल्या. एका बाजूला लहान मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चाललाय. जाळी आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना तीच घराणी. ट्रेंटने खिडक्या बुजवायला सांगितल्या आणि व्हेनिसने जाळी एवढी प्रशस्त केली की तिला दिवाणखान्याची कळा आली.

शेवट राजकारणानेच केला. 1797 मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं. बेल्लिनीचं ते चित्र फ्रेंचांनी पॅरिसला नेलं. ते नेपोलियनच्या पाडावानंतर परत आलं. पण तोवर ज्या नन्सनी ते रंगवून घेतलं होतं त्यांचा मठच उरला नव्हता. 1810 च्या फर्मानाने उरलेसुरले मठ बंद झाले, जमिनी सरकारजमा झाल्या आणि सान झक्कारियाच्या नन्सना बाहेर पडावं लागलं. तसंही ज्या व्यवस्थेने त्यांना आत धाडलं होतं ती आधीच मोडकळीला आली होती. सरदार घराणी आटत चालली होती, कित्येक तर निर्वंश झाली होती. लेकींना मठात आणि लेकांना ब्रह्मचर्यात ठेवून इस्टेट वाचवायला गेलेल्यांना शेवटी वारसच मिळेनात.

आज मठाच्या इमारतीत काराबिनिएरी या इटलीच्या पोलीस दलाचं कार्यालय आहे, त्यामुळे कमानींची अंगणं सहसा पाहता येत नाहीत. चर्च मात्र खुलं असतं. बेल्लिनीचं चित्र डाव्या भिंतीवरच आहे. एलेना फोस्कारीच्या काळातल्या वेदी पाहायला बाजूच्या चॅपलमध्ये जावं लागतं, आणि तिथूनच खालच्या तळघराकडे वाट आहे. त्यात बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं. मठाच्या जमिनींचे करार, खंडाच्या वह्या, खटल्यांची कागदपत्रं व्हेनिसच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. तो दफ्तरखानाही फ्रारी चर्चशेजारच्या एका बंद केलेल्या फ्रान्सिस्कन मठात आहे. मठातल्या बायका काय करत होत्या हे आज जे काही कळतं, त्यातलं बरंचसं असल्याच हिशेबांतून आणि भांडणांतून कळतं.